अळीने खाल्लेलं पान

"ताई, एक मिनिट हां," असं म्हणून ती अनोळखी बाईच्या पदराचं टोक चिमटीत धरायची आणि उलटं करून बघायची. भाजीच्या गाडीपाशी, देवळाच्या रांगेत, दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना, कुठेही. बाई दचकायची. एखादी पदर ओढून घ्यायची. तोवर हिचं बघून झालेलं असायचं. "माझी नाही," ती माझ्या कानात सांगायची. त्या बाईने हिचीच साडी पळवल्याचा हिला संशय होता, असं कुणालाही वाटलं असतं.

तुम्ही दोघांनी तिला पाहिलं आहे. मागच्या खेपेला तुमच्या आईच्या ओढणीला हात घालून जी म्हणाली होती, "ही आमच्याच मार्केटची, वहिनी. तुम्हाला जयपूरची म्हणून दिली असेल," आणि आईचा चेहरा जिने उतरवला होता, तीच ती. सोसायटीत सगळे तिला डिझाईनवाली म्हणत. मीही इथे तेच म्हणते. तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, ती पदर ओढणारी आंटी कुठे गेली?" म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती आमच्या तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. माहेर खानदेशात, कापसाच्या गावात. लग्न होऊन आली ती नवागामच्या एका गल्लीत, सासू, जावा आणि नणंदांच्या गोतावळ्यात. नवरा कडोदऱ्याला लूमवर. मुलगी लग्न होऊन नंदुरबारला गेली, तेव्हा ही दोघं आमच्या इमारतीत आली. माणूस अबोल. बोलायचं सगळं काम त्याने बायकोला देऊन टाकलं होतं.

ती साड्यांवरच्या छपाईची डिझाईन काढायची. सुरुवात कागदावर रंग भरण्यापासून झाली. दुसऱ्याने काढलेल्या फुलात ही गुलाबी रंग भरायची. मग स्वतः फुलं काढू लागली आणि पुढे कॉम्प्युटरही शिकली. रिंग रोडच्या एका मार्केटात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ती आणि आणखी काही जण दिवसभर फुलं, वेली, कोयऱ्या काढत बसायचे.

तिथे काम कसं चालतं हे तिच्याकडून ऐकावं. व्यापारी दुसऱ्या कुणाच्या चाललेल्या साडीचा तुकडा घेऊन येतो आणि म्हणतो, "बेन, आवुं ज जोईए, पण थोडुं जुदुं." अगदी असंच हवं, पण थोडं वेगळं.

"थोडं वेगळं म्हणजे किती गं?" मी एकदा विचारलं.

"मूळवाल्याला भांडता येऊ नये इतकं, काकू. आणि गिऱ्हाइकाला फरक कळू नये इतकं." मग हसून म्हणाली, "एकदा मी कमळाचं तोंड पलीकडे फिरवलं. शेठ म्हणतो, बेन, कमळ रिसायुं के शुं? रुसलं का कमळ?"

या थोडं वेगळं करण्यात तिचा हात असा बसला होता की मार्केटात तिचं नाव झालं होतं. हुबेहूब काढणारी, अशी तिची ख्याती. तिलाही त्याचा अभिमान होता. का नसावा? ज्या बाजारात हुबेहूबपणाला दाद मिळते, तिथे माणूस हुबेहूबच काढायला शिकतो. अधूनमधून, तुकडा न आणता एखादा व्यापारी म्हणायचा, "कंई नवुं बनावी आपो." काहीतरी नवं करून द्या. त्या दिवशी ती घरी येताना आमच्याकडे डोकवायची. हात रिकामेच असायचे, कारण मोबाईल दारातल्या टोपलीत ठेवूनच आत जायचं आणि काढलेलं सगळं शेठच्या कॉम्प्युटरात राहायचं. ती माझ्या टेबलावर बोटाने वेल काढून दाखवायची. "इथून अशी निघते, काकू, इथे वळते, इथे फूल." मी सांडलेल्या पाण्याकडे बघावं तसं त्या टेबलाकडे बघत राही.

तिची डिझाईन छापून साड्या कुठे कुठे जायच्या, हे तिला कधी कळत नसे. म्हणून ती पदर उलटून बघायची.

मग शेठच्या मुलाने नवी पद्धत आणली. आता म्हणे कॉम्प्युटरला नुसतं तोंडाने सांगितलं की तो हवी तेवढी फुलं काढून देतो. "तोही हुबेहूबच काढतो, काकू," ती म्हणाली. "आणि चहा पीत नाही." ती खोली बंद झाली. सगळे पांगले.

महिनाभरात तिच्या दारात साड्यांचं पहिलं पोतं आलं. दुसऱ्याच्या डिझाईनवर, दाखवलेल्या जागी, चमकते खडे चिकटवायचं काम. आपल्या भागात घरोघरी बायका ते करतात, त्यात कमीपणा काही नाही. पण मी खाली गेले की ती मान वर न करता बसलेली दिसायची. एका हातात गमची ट्यूब, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या टोकावर खडा. मला ऐकवत होती की स्वतःला, कोण जाणे, पण एकदा म्हणाली, "फुलाच्या मधोमध लावायचा म्हणे. फूल कोणी काढलंय बघा तरी. देठच नाहीये त्याला." आणि देठ नसलेल्या फुलावर खडा लावून पुढची साडी ओढली.

अशात फोनवर तिला एक जाहिरात आली. अहमदाबादेत एका घराचा कारखाना होता, चादरी, पडदे आणि कापड लाकडी ठशांनी हाताने छापणारा. त्यांना चित्रं काढणारं माणूस हवं होतं. अट एकच: आपल्या कामाच्या निवडक दहा पानांचा पोर्टफोलिओ पाठवावा.

"काकू, हे पोर्टफोलिओ म्हणजे आपला कॅटलॉगच ना?"

मी म्हटलं, साधारण तसंच. मला तरी काय माहीत! तुमच्या आजोबांच्या नोकरीच्या अर्जाला मी टाचणी लावली होती, तेवढाच माझा अनुभव.

तिने कॅटलॉगच केला. जुन्या सोबत्यांकडून, छपाईवाल्यांकडून, दुकानांच्या जाहिरातींतून फोटो गोळा केले. दहा पानांत साठेक साड्या बसवल्या. प्रत्येक पानाला सोनेरी काठ, पहिल्या पानावर कमळ, कमळावर तिचं नाव. मी इंग्रजी तपासून दिलं. शेवटी अनुक्रमणिका जोडावी असंही मी सुचवलं आणि तिने ती जोडली. आम्हा दोघींना ते फार देखणं वाटलं.

चार दिवसांनी अहमदाबादच्या बाईंचा फोन आला, तेव्हा ती आमच्याकडेच डाळ निवडत बसली होती. तिने स्पीकर लावला. आवाज मऊ होता.

"बेन, हात सरस छे तमारो. पण पाचमुं पानुं तो अमारुं ज छे."

हात चांगला आहे, पण पाचव्या पानावरचं डिझाईन आमचंच आहे!

तिचा हात ताटातच राहिला. कधीतरी व्यापाऱ्याने आणून दिलेला तुकडा त्या घरचा निघाला होता. आपली सगळ्यांत चांगली नक्कल म्हणून हिने ती मोठ्या हौसेने त्यांनाच पाठवली होती. तुमच्या भाषेत सांगायचं तर, परीक्षकाचीच उत्तरपत्रिका नकलून त्यालाच तपासायला दिली.

बाई रागावल्या नाहीत. "तमारुं पोतानुं कंई होय तो मोकलजो," एवढं म्हणाल्या. तुमचं स्वतःचं काही असेल तर पाठवा. आम्ही या महिनाअखेरपर्यंत थांबतो.

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ डाळीतले खडे शोधत राहिली. डाळ केव्हाच निवडून झाली होती.

"माझं स्वतःचं," ती म्हणाली, "लोकांच्या कपाटात आहे, काकू."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी रिक्षाने नवागामला गेलो. तिच्या जुन्या गल्लीत हळदीचा कार्यक्रम होता आणि हळदीला बायका साड्या नेसतातच. मी येतेय म्हटल्यावर तिने मला बजावलं, "तिथे कुणी काही बोललं तर मनावर घेऊ नका. आमच्या गल्लीत प्रेमाने बोलतात की भांडतात, ते कळायला वेळ लागतो."

मांडवात पोचल्याबरोबर तिने कामाला सुरुवात केली. ही नाही, ती नाही, ही माझी. एक, दोन, तीन पदर उलटून झाले, तशी पिवळ्या हातांची एक म्हातारी ओरडली, "ओ माय! साडी मनी शे का तुनी? सोड ना!"

साडी माझी आहे की तुझी, असं विचारणारी ती हिची चुलत सासू होती. सगळ्या हसल्या. मग हिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की तिने काढलेल्या डिझाईनच्या साड्या हव्यात, फोटोपुरत्या, आजच्या आज.

एवढं सांगायचा अवकाश, गल्ली हळद विसरली. "बठ्ठ्या साड्या काढा व!" अशी आरोळी गेली आणि घराघरांतून ट्रंका वाजू लागल्या. कुणी घडी मोडलेली आणली, कुणी दोरीवरची ओली. एकीने नेसलेलीच दाखवली, "उभ्यानेच काढ फोटो, साडी सोडणार नाही." ज्यांच्याकडे हिची एकही नव्हती त्याही आणत होत्या, आपण मागे राहू नये म्हणून. मी एका खाटेवर बसून घड्या घालत होते. ती प्रत्येक साडीचं एखादंच पान बघायची आणि क्षणात निकाल द्यायची.

"इतक्या पटकन कसं ओळखतेस गं?" मी विचारलं.

"कळतं," म्हणून तिने विषय टाळला.

उलगडा केला तो त्या चुलत सासूने. तिने आपली जांभळी साडी आणली आणि मला पदर दाखवत तक्रार मांडली. "हाई देखा, बाई. पान किडेल शे. दुकानवालाले म्हनं, छपाई खराब शे. मंग त्यानी सस्तामां दिनी."

मी चष्मा पुसून बघितलं. वेलीवरच्या एका पानाला खरंच भोक होतं, कडेला कुरतडल्यासारखं. दुसऱ्या साडीत बघितलं, तिथेही एक पान खाल्लेलं. तिसऱ्यातही. डिझाईनवाली ओशाळी होऊन उभी होती.

"खोड आहे माझी, काकू," ती हळूच म्हणाली. "हात जातोच तिकडे. शेठला दिसलं की ओरडायचा, बेन, आ पांदडुं सडेलुं केम छे? हे पान सडकं का? मग मी भरून द्यायची. नाही दिसलं, तर तसंच छापून जायचं. फोटोत मी कॉम्प्युटरवर भरून घेईन. कळणारसुद्धा नाही."

तेवढ्यात तिची धाकटी जाऊ आपली साडी घेऊन आली. तीच वेल, तेच फूल, रंगही तोच जांभळा. कुणीतरी हिच्या डिझाईनची केलेली नक्कल. थोडुं जुदुं. फूल जरा मोठं केलेलं आणि पानं सगळी धड, टवटवीत, एकासारखी एक. जावेने दोन्ही साड्या खाटेवर शेजारी शेजारी पसरल्या आणि म्हाताऱ्या सासूला चिडवलं, "देखा, मनी चांगली शे. तुमनी किडेल."

म्हातारी खाली वाकली. आधी सुनेची साडी बघितली, मग आपली. हळदीचं बोट लागू नये म्हणून हात मागे बांधून घेतले होते तिने.

"हाई दुकाननं पान शे," ती सुनेच्या साडीकडे बघून म्हणाली. मग आपल्या साडीकडे. "आन हाई आपला वावरनं."

मग एक जण म्हणाली, "खरं शे व! कपाशीनं पान कोनी साबूत देखेल शे का?" आणि त्या सगळ्या बायका बोलू लागल्या. लहानपणी वावरात वेचणीला जायच्या त्याबद्दल, अळीबद्दल, पानाच्या भोकातून एकमेकींना डोळा दाखवायचा खेळ होता त्याबद्दल. डिझाईनवाली त्यांच्यामध्ये उभी होती. तिने पानाच्या भोकाला बोट लावलं, आणि मग तिलाही हसू फुटलं. "मी न खाल्लेलं पान कधी बघितलंच नाही, काकू," ती मला म्हणाली. "मग काढणार कसं?"

परत येताना रिक्षात ती मोबाईलवर काढलेले फोटो पुन्हा पुन्हा बघत होती. "भरायचं नाही," ती म्हणाली. "भोकं भरायची नाहीत."

मग पुढचा आठवडा माझं जेवणाचं टेबल तिचं झालं. मी जेवण ओट्याशी उभ्याने उरकत होते. साध्या गोष्टीला किती वेळ लागतो! सोनेरी काठ गेले. कमळ गेलं. जुने साठही फोटो गेले. मला प्रत्येक पानावर साडीचा प्रकार, कापड, साल, रंग हे सगळं ओळीने हवं होतं. मी तसा तक्ताही आखला होता.

"काकू, हा रेशनकार्डाचा फॉर्म नाहीये."

"अगं, पण बघणाऱ्याला काही माहिती नको का?"

"बघू दे ना तिला आधी. माहिती वाचायला लागली की बघायचं राहतं."

शेवटी आम्ही तडजोड केली. प्रत्येक पानावर एकच फोटो आणि खाली झाडाचं नाव. कापूस, निंब, भेंडी, तूर. मी त्याचं इंग्रजी लिहिलं आणि तक्ता शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीला दिला. तिने त्याचं विमान केलं.

फोटोही तिने सरळ केले नाहीत. म्हातारीची साडी खाटेवर होती तशीच, सुरकुत्यांसकट. दोरीवरच्या साडीला चिमटा लागलेला. जी नेसलेली सोडायला तयार नव्हती, तिची फक्त कंबर आणि त्यावरची वेल. नऊ पानं झाली. दहावं तिने कोरं ठेवलं होतं.

"इथे काय?"

"नवीन काढते. हाताने." तिने माझ्याकडून जलरंगांचा डबा मागितला, तुमच्या लहानपणचा, ज्यात तुम्ही काळा रंग सगळीकडे पसरला होता. ब्रश हातात धरून ती इतका वेळ कागदाकडे बघत बसली, की मला वाटलं आता उठते. इतकी वर्षं कुणीतरी तुकडा पुढ्यात टाकल्याशिवाय तिने रेघ ओढली नव्हती. मी आत गेले आणि उगीचच डबे आवरू लागले. बाहेर आले तेव्हा कागदावर कापसाचं एकच झाड होतं. फूल नाही, बोंड नाही, नुसती पानं, आणि एकही पान धड नव्हतं. त्या भोकांतून मागचा कागद उजेडासारखा दिसत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते चष्म्याच्या काचेमागे राहिलं. तिने विचारलं, "जास्त खाल्लं का अळीने?" मी म्हटलं, "पुरेसं."

पाठवताना तिचा धीर सुटला. "हसतील, काकू. एकदा चोरी पाठवली, आता कीड पाठवतेय." नवरा दारात उभा होता, कामावरून आलेला, केसांत सूत. मी त्याचं सलग वाक्य फारसं ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "हसली तर हसली ती बाई. निदान पान दिसलं तरी असेल तिला." ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने बटण दाबलं.

महिना संपत आला तरी उत्तर नव्हतं. तिने नवं पोतं घेतलं. मी विचारायची नाही, ती सांगायची नाही. फोन वाजला की आम्ही दोघी दुसरीकडे बघायचो.

आणि मग एका सकाळी ती जिना चढून धापा टाकत आली. बाईंचा फोन आला होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलाच प्रश्न: "आ पांदडुं कोणे खाधुं?" हे पान कुणी खाल्लं?

"मी काय सांगणार, काकू? मी म्हटलं, इयळे. अळीने."

"मग?"

"हसल्या. खूप हसल्या. मग म्हणाल्या, एने पण लई आवजो. तिलाही घेऊन या."

तिला बोलावलं होतं. पहिल्या तारखेपासून, आपलं आपण काढायला. मी साखर आणायला आत गेले, तर ती माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली. आम्ही दोघी तशाच थोडा वेळ ओट्याकडे तोंड करून उभ्या होतो. साखरेचा डबा माझ्या हातात होता.

आता तिच्या खोल्यांत एक नवीन जोडपं राहतं. नवराही मागाहून अहमदाबादला गेला. तुम्ही पुढच्या वेळी याल, तेव्हा तुमच्या आईच्या ओढणीला कुणी हात लावणार नाही. फोन करते ती, पण फोनवर तिला बोलता येत नाही, बोटाने काढून दाखवायला टेबल लागतं.

जायच्या आधीचा दिवस मात्र तुम्हाला सांगायला हवा. पोतं अर्धवट होतं आणि घेतलेलं काम टाकून जायचं नाही, म्हणून सकाळपासून ती खडे चिकटवत बसली. नवागामहून जाऊ आणि ती चुलत सासू मदतीला आल्या. दुपारपर्यंत शेवटची साडी झाली. मग ती आमच्याकडे चहाला आली आणि टेबलापाशी बसून बोटांवरचा वाळलेला गम सोलू लागली. एकेका बोटाच्या टोकावरून तो पातळ टोपीसारखा अख्खा निघत होता. ती बोलत होती, गाडीची वेळ, डबा, मुलीचा फोन, आणि सोललेलं बशीच्या कडेला ठेवत होती. चहा झाला, पाया पडली, निघून गेली.

मी बशी उचलली. त्या पारदर्शक पापुद्र्यांवर तिच्या बोटांच्या बारीक रेषा जशाच्या तशा उमटल्या होत्या. तुम्हाला माहीत आहे, माझ्या ओट्यावर उष्टी बशी कधी राहत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तिथेच राहिली.